हट्टी मूल आणि घरातील मर्यादा : राहुलोवादाच्या प्रकाशात

घोटी हे नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील भाताच्या व्यापाराचे गाव. जवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, मध्य रेल्वेचा लोहमार्गही जातो. गावात भातगिरण्या आणि शिवारात भाताची खाचरे. गेल्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आमचे तेथे जाणे झाले. आवणी नुकतीच उरकली होती आणि पाऊस उघडीप द्यावयास तयार नव्हता. वंदना व वाचन आटोपल्यावर उपासक-उपासिका पांगल्या. परंतु एक माता आपल्या मुलाचा हात धरून थांबून राहिली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत शिकणारा. तिने जे सांगितले ते असे.

गावाबाहेरच्या ओहोळाला पूर आला की हा मुलगा कोणासही न सांगता तो पाहावयास जातो. पहिल्या वेळी वडिलांनी समजावून सांगितले. वडील एका भातगिरणीत कामास आहेत. दुसऱ्या वेळी त्यांनी कमरेच्या पट्ट्याने मारले. तिसऱ्या वेळी मुलगा पुन्हा गेलाच. मात्र घरी आल्यावर, चड्डी चिंब भिजलेली असताना, आपण शाळेतच होतो असे त्याने आईच्या डोळ्यांत पाहून सांगितले. ‘‘मारलं नाही तर ऐकत नाही, आणि मारलं तर खोटं बोलतो. मग करायचं काय, दादा?’’ असा त्या मातेचा प्रश्न होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिला दोन प्रकारचे सल्ले दिले होते. कोणी म्हणाले, आणखी चार द्या म्हणजे सरळ होईल. कोणी म्हणाले, लेकरू आहे, मोठेपणी आपोआप समजेल.

त्या सायंकाळी आम्ही दिलेले उत्तर त्रोटक होते आणि त्याने आमचेच समाधान झाले नाही. अशा मुलांचे आईवडील गावोगावच्या विहारांत भेटतात. तेव्हा ह्या प्रश्नाचा सविस्तर विचार करावा, ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

प्रथम ‘हट्ट’ ह्या शब्दाविषयी. पालि वाङ्मयात ज्याला काही सांगणे कठीण जाते अशास ‘दुब्बच’ म्हणतात आणि जो सांगितलेले ऐकून घेतो त्यास ‘सुवच’. मंगलसुत्तात सुवचतेची गणना उत्तम मंगलांत केलेली आहे. पण त्याच परंपरेत ‘अधिट्ठान’, म्हणजे दृढनिश्चय, ही दहा पारमितांपैकी एक पारमिता आहे. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाचा निश्चय कोणाच्या सांगण्याने हलला नाही, हे आपण दरवर्षी वैशाख पौर्णिमेस मोठ्या आदराने सांगतो. आणि घरी आल्यावर आपल्या मुलाने एक गोष्ट दोनदा मागितली की त्याला हट्टी म्हणतो. आमच्या मते दुब्बचता आणि अधिट्ठान ह्यांचे मूळ द्रव्य एकच आहे. त्याला वळण लागते की ते मोडून पडते, एवढाच प्रश्न असतो.

काही मुले जन्मतःच तीव्र स्वभावाची असतात, ह्यास आधुनिक संशोधनाचाही आधार आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस ह्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे तान्ह्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे १० टक्के मुले त्यांना ‘कठीण’ स्वभावाची आढळली. म्हणजे प्रतिक्रिया तीव्र, बदल चटकन न स्वीकारणारी, झोपेची व भुकेची वेळ अनियमित असलेली. हा दोष आईवडिलांच्या वागण्यातून उत्पन्न झालेला नव्हता. मात्र पुढे मूल कसे घडले, ते त्याचा स्वभाव आणि घरातील वागणूक ह्यांचा मेळ कसा बसला ह्यावर बरेच अवलंबून राहिले. ज्या मातेला शेजारणी ‘‘तूच लाडावून ठेवलास’’ असे ऐकवीत असतात, तिने हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सातारच्या शाळेत असताना आपण हट्टी होतो, ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. मुसळधार पावसात, इतरांचे न ऐकता, बाल भीमराव छत्रीवाचून भिजत शाळेत गेले. वर्गावरील पेंडसे गुरुजींनी त्यांना मारले नाही. त्यांनी आपल्या मुलाबरोबर भीमरावांना घरी पाठविले, ऊन पाण्याने आंघोळ घालावयास लावली, नेसावयास लंगोटी देवविली. आणि मग त्या लंगोटीवरच वर्गात येऊन बसावयास लावले. ह्या प्रसंगात जो बारकावा आहे तो पालकांनी नीट पाहावा. थंडीने आजारी पडू नये म्हणून ऊन पाणी मिळाले. पण भिजलेले कपडे वाळेपर्यंत लंगोटीवर बसणे चुकले नाही. करुणा आणि परिणाम एकाच वेळी, एकाच हातून मिळाले. (त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलास ब्राह्मण शिक्षकाने आपल्या घरी आंघोळीस पाठविणे ही स्वतंत्र लेखाची बाब आहे.)

त्याच बालपणातील दुसरा प्रसंगही बाबासाहेबांनीच सांगितलेला आहे. वडिलांवर अवलंबून राहावयाचे नाही, मुंबईस जाऊन गिरणीत काम करावयाचे, ह्या निश्चयाने गाडीभाड्यासाठी त्यांनी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी पळविण्याचा बेत केला. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली तेव्हा तीत केवळ अर्धा आणा निघाला. येथे शिक्षा करणारे कोणीच नव्हते. आपल्या कृतीचे फळ त्या मुलाने स्वतःच्या हातात घेऊन पाहिले, पळून जाण्याचा विचार सोडला आणि मन अभ्यासाकडे वळविले. हट्ट गेला नाही. त्याची दिशा तेवढी पालटली, आणि तिने काय घडविले हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

आता घोटीच्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. तिच्या मुलाचे वय सात. भगवान बुद्धांनी राहुलास असत्याविषयी जो उपदेश केला, त्या वेळी राहुलाचे वयही सातच वर्षांचे होते, असे अट्ठकथा सांगते. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त ते हेच. सम्राट अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी जी प्रवचने नावानिशी सांगितली, त्यांत राहुलास असत्यासंबंधी केलेल्या ह्या उपदेशाचा समावेश आहे. मुलांना कसे वाढवावे ह्याविषयी इतके प्राचीन आणि इतके व्यवहारी मार्गदर्शन क्वचितच आढळेल.

प्रसंग असा. तथागत सायंकाळी राहुलाकडे येतात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर तथागत भांड्यात थोडे पाणी राहू देतात आणि विचारतात, हे उरलेले पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य एवढेसेच. मग ते पाणी ओतून टाकतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा उलथे करून त्याचा रितेपणा दाखवितात. आणि दर वेळी तोच प्रश्न, तेच साम्य. सात वर्षांच्या मुलास ‘सत्य’ ह्या अमूर्त शब्दावर व्याख्यान दिलेले नाही. हाताशी असलेले भांडे उचलले, चार वाक्ये बोलले. आवाज चढविलेला नाही, मागचे उकरून काढलेले नाही, ‘तू असाच आहेस’ असे एकदाही म्हटलेले नाही. आपल्या घरांत ह्याच्या नेमके उलट घडते. बोलणे अर्धा तास चालते, त्यात गतवर्षीचे अपराध येतात, मामाकडच्या माणसांचे स्वभाव येतात, आणि शेवटी मूळ गोष्ट कोणती होती ह्याचा मुलास विसर पडतो.

त्याच सुत्तात पुढे आरशाचा दृष्टान्त आहे. आरसा कशासाठी, तर पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे की ह्याने मला किंवा दुसऱ्यास पीडा होते काय. कायेने वा वाचेने चूक झालीच, तर ती गुरूपाशी अथवा सुज्ञ सोबत्यांपाशी उघड करावी आणि पुढे संयम राखावा. चांगले घडले असेल तर आनंदात राहावे. येथे पालकांसाठी जी कळीची गोष्ट आहे, ती अशी की चूक उघड करण्याची जागा सुरक्षित असावी लागते. ज्या घरात खरे सांगितले तरी पट्टा आणि खोटे पकडले गेले तरी पट्टा, तेथे खोटे बोलण्यातच मुलास थोडी तरी आशा दिसते. घोटीच्या त्या मुलाने खोटेपणा कोणाकडून शिकला नव्हता. त्याच्या परीने त्याने हिशेब केला होता आणि हिशेब बरोबर होता. म्हणून पहिली सुधारणा घरात व्हावी लागते. खरे सांगितल्यास मार नाही, हे आईवडिलांनी एकदा बोलावे आणि मग कितीही राग आला तरी पाळावे. परिणाम भोगावा लागेलच. पण मार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की मग नियमांना अर्थ काय राहिला. नियमांसंबंधी विनयपिटक जे शिकविते ते आपल्या गृहस्थांच्या ध्यानात फारसे येत नाही. संघाचे नियम तथागतांनी एका दिवशी बसून लिहिलेले नाहीत. घटना घडली, तिचे परिणाम दिसले, मग नियम केला आणि नियमाचे कारण सर्वांसमक्ष सांगितले. ज्याच्या कृतीमुळे नियम करावा लागला, त्या प्रथम करणाऱ्यास त्या नियमाखाली दोषी धरलेले नाही. कारण त्याने ते केले तेव्हा नियमच नव्हता. आपण मात्र मुलाने भिंतीवर रेघोट्या ओढल्यावर, ‘भिंतीवर ओढायचे नाही हे तुला कळत नाही का’ असे ओरडून तत्क्षणी नियमही करतो आणि त्याच क्षणी शिक्षाही. हट्टी मुलास हा अन्याय फार बोचतो. त्याची न्यायबुद्धी त्याच्या हट्टाइतकीच तीव्र असते.

नियम चुकीचा ठरला तर काय करावे, ह्याचे उत्तरही राहुलाच्याच चरित्रात आहे, आणि ते आम्हांस विनयातील सर्वांत हृद्य प्रसंगांपैकी एक वाटते. उपसंपदा न झालेल्यांनी भिक्षूंसमवेत एका ठिकाणी झोपू नये, असा नियम झाला होता. कोसम्बी येथे भिक्षूंनी तो राहुलास सांगितला. राहुल श्रामणेर होता. त्याला झोपावयास जागा उरली नाही. त्याने वाद घातला नाही, पित्याच्या नावाचा आधार घेतला नाही. तो जाऊन शौचकुटीत निजला. रात्र सरत असता तथागत तेथे आले, खाकरले. आतून राहुलही खाकरला. आत कोण आहे, म्हणून विचारणा झाली आणि सर्व उलगडा झाला. तथागतांनी भिक्षुसंघ जमविला आणि नियमात सूट ठेवली : दोन-तीन रात्रींपर्यंत एकत्र झोपण्यास हरकत नाही.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मोठ्यांनी केलेला नियम लहानावर जाचक होत असेल तर तो बदलण्यात मोठ्यांचा कमीपणा नाही. खुद्द तथागतांनी तसे केले. दुसरी गोष्ट, नियम बदलला तो शांतपणे चौकशी करून, सर्वांसमक्ष. कोणी जमिनीवर लोळण घेतली म्हणून तो बदललेला नाही. मूल किंचाळू लागल्यावर दिलेली सूट आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर विचार करून दिलेली सूट ह्या वरकरणी सारख्या दिसतात. परंतु पहिली किंचाळण्यास मिळते, दुसरी न्यायास. जेराल्ड पॅटरसन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक कुटुंबांचे निरीक्षण करून हेच दाखविले की मुलाच्या आक्रस्ताळेपणापुढे आईवडील नमतात तेव्हा दोघेही एकमेकांस शिकवीत असतात : मूल ओरडावयास शिकते, आणि तात्पुरती शांतता मिळाल्यामुळे आईवडील नमावयास शिकतात.

मर्यादा किती असाव्यात? आमचे मत, थोड्या. आणि त्यांच्या दोन प्रती असाव्यात. राजकुमार अभय आपले तान्हे मूल मांडीवर घेऊन बसला असता तथागतांनी त्यास विचारले की ह्या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, डाव्या हाताने डोके धरून, उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त निघाले तरी मी तो काढीन, कारण मला मुलाची दया येते. घोटीत घशातल्या खड्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. महामार्ग ओलांडणे, लोहमार्गावर खेळणे, गिरणीच्या फिरत्या पट्ट्याजवळ हात नेणे, पुराचा ओहोळ, कठडा नसलेली विहीर. येथे मुलाची संमती मागावयाची नसते, ‘राजा, ऐकशील ना?’ अशी आर्जवेही करावयाची नसतात. दंडाला धरून बाजूस करावे, कारण दोन शब्दांत सांगावे. ह्याला मारणे म्हणत नाहीत. परंतु ज्या घरात सदरा कोणता घालावा, भाकर आधी की भात आधी, केस कोणत्या बाजूस वळवावेत, ह्या सर्वच बाबी घशातला खडा मानल्या जातात, त्या घरातील मुलास खरा खडा आणि खोटा खडा ह्यांतील भेद कळेनासा होतो. तीव्र स्वभावाच्या मुलास दिवसातून काही निर्णय स्वतः घ्यावयास मिळाले, तर उरलेल्या मर्यादा तो पुष्कळ सोप्या रीतीने मानतो, असा आमचा अनुभव आहे.

नवी मर्यादा घातली की काही दिवस मूल अधिकच बिघडल्यासारखे वाटते. पुष्कळ पालक येथेच हात टेकतात. मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात ह्याचे वर्णन आहे. दिवसातून एकदाच भोजन करण्याचा उपदेश झाला तेव्हा भद्दालि भिक्षूने सर्वांदेखत आपल्याच्याने ते होणार नाही असे सांगितले. मधला मार्ग सुचविला, तोही नाकारला. आणि वर्षावासाचे तीन महिने तथागतांस तोंड दाखविले नाही. हट्टी मुलाचे रुसणे ते हेच! पुढे तो स्वतः येऊन चूक कबूल करतो. त्यास समजावताना तथागत उमद्या शिंगराचा दृष्टान्त देतात. शिंगरास प्रथम लगाम चढविला की ते वेडेवाकडे चाळे करते, कारण पूर्वी त्याने तसे काही केलेले नसते; पुनःपुन्हा, क्रमाक्रमाने सराव झाला की ते स्थिरावते; मग त्याला पुढची शिकवण द्यावयाची. लगाम चढविल्यावर दुसऱ्याच दिवशी काढून टाकणारा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढविणारा शिकवणारा शिंगरास केवळ झटके द्यावयास शिकवील.

ह्याच सुत्तात आणखी एक दृष्टान्त आहे. एखाद्या मनुष्यास एकच डोळा उरलेला असेल तर त्याचे आप्त तो डोळा जिवापाड जपतात. तद्वत ज्या भिक्षूपाशी थोडीच श्रद्धा, थोडेच प्रेम उरले आहे, त्याला सारखे टोचून तेही घालवू नये. आईवडिलांवरील विश्वास हा मुलाचा तो एक डोळा होय. काही मुलांचा तो चार-सहा वर्षांतच अधू झालेला असतो. तेथे मर्यादा आणखी थोड्या कराव्यात आणि प्रथम विश्वास सांधावा.

कठोरपणाचे काय? अश्व शिकवणाऱ्या केसीची कथा अंगुत्तर निकायात आहे. घोडा सौम्यपणाने शिकवितो, कठोरपणाने शिकवितो, दोन्ही मिसळून शिकवितो, असे केसी सांगतो. तथागत म्हणतात की मीही माणसांस तसेच शिकवितो. पण त्यांच्या कठोरपणाचा अर्थ तेथेच स्पष्ट केलेला आहे : सदाचरणाचे फळ दाखविणे हा सौम्यपणा, दुराचरणाचे फळ दाखविणे हा कठोरपणा. चाबूक त्यात नाही. मराठी घरांत मार समर्थनीय ठरविताना पुष्कळदा साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा दाखला देतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ह्या पुस्तकातील आई पोहावयास भिणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर पाठविते, हे खरे. पण तीच आई नंतर त्याला जवळ घेते, लोकांनी आपल्या मुलास भित्रा म्हणू नये हे मनातले दुःख उघड करते. श्यामच्या स्मरणात राहिली ती ही जवळीक. मारापुरते पुस्तक वाचणाऱ्यांनी ही पाने वगळलेली असतात. एलिझाबेथ गेर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर ह्यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरील जुने-नवे अभ्यास एकत्र तपासले. चापट मारण्याने वर्तन सुधारते असे त्यांना आढळले नाही, उलट आक्रमकता व मानसिक त्रास ह्यांच्याशी तिचा संबंध दिसला. शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोहोंना मनाई केलेली आहे.

मार सोडलेले काही सुशिक्षित पालक अबोला धरतात, आणि त्यास ब्रह्मदंडाचा आधार सांगतात. हा गैरसमज दूर होणे अवश्य आहे. ब्रह्मदंड तथागतांनी अखेरच्या समयी छन्न भिक्षूस दिला. छन्न हा सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या वेळचा सारथी; तो प्रौढ होता आणि वर्षानुवर्षे कोणाचे ऐकत नव्हता. ही वार्ता ऐकताच तो मूर्च्छित पडला, इतका हा दंड भारी होता. सात वर्षांच्या मुलाशी दोन दिवस न बोलणे म्हणजे त्याच्यावर तो भार टाकणे होय. लहान मुलास आईचा अबोला शिक्षा वाटत नाही, आई गेली असे वाटते.

मग परिणाम कशास म्हणावे? आम्ही दंड आणि विपाक असा भेद करतो. (कम्मविपाकाचा गहन सिद्धान्त आणि घरातील शिस्त एकच आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही, शब्द केवळ सोयीसाठी घेतला आहे.) दंड बाहेरून, देणाऱ्याच्या रागाच्या प्रमाणात येतो. विपाक कृतीतून निघतो, कृतीच्या मापाचा असतो, अगोदर माहीत असतो. दूध फेकले तर ते मुलाने पुसावे. दूध सांडले तरीही पुसावे, पण तेथे बोल लावू नये, कारण फेकण्यात चेतना होती, सांडण्यात नव्हती. भ्रमणध्वनी ठरल्या वेळी परत दिला नाही तर दुसऱ्या दिवशी तो मिळणार नाही. मात्र आठवडाभर नाही, आणि त्यासाठी सहलीस जाणेही रद्द नाही. रुडॉल्फ ड्रायकर्स ह्या मूळच्या व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता. परिणाम लहान असला तरी चालतो. तो टळता कामा नये. आणि तो संपला की संपला. भाताच्या खाचरास बांध घालतात तो पाणी अडावे म्हणून. तरी जास्तीचे पाणी निघून जाण्यास बांधाला वाट ठेवावीच लागते, नाही तर पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो, हे घोटीच्या शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको.

अडचण ही की हे सर्व करावयाचे असते ते दिवसभर गिरणीत पोती उचलून आलेल्या माणसाने. त्याच तालुक्यात इगतपुरीस धम्मगिरी हे १९७६ पासूनचे विपश्यना केंद्र आहे, आणि मुलांस आनापान शिकविण्याची सोय अशा केंद्रांत असते. मुलास त्याचा लाभ होईल, ह्यात संशय नाही. परंतु श्वासाकडे पाहण्याची निकड मुलापेक्षा पट्ट्याकडे हात गेलेल्या पित्यास अधिक असते. ‘मस्ती केलीस, आता डोळे मिटून बस’ असे म्हणून ध्यानाचीच शिक्षा करणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. त्याने मस्ती जात नाही. ध्यानाविषयी तिटकारा मात्र जन्मतो.

पवारणेनंतर आम्ही पुन्हा घोटीस गेलो. ह्या वेळी वडील आले होते. आमच्या पहिल्या भेटीनंतर पतिपत्नींनी मुलाला समोर बसवून ठरविले होते : ओहोळावर एकट्याने जावयाचे नाही, पूर पाहावयाचा असेल तर वडिलांची पाळी सुटल्यावर पुलावरून, हात धरून. एकटा गेलास तर पुढचे दोन दिवस शाळेतून थेट घरी, पूर नाही. खरे सांगितलेस तर मार नाही. श्रावणात तो एकदा गेला होता. सायंकाळी त्याने स्वतःच आईला सांगितले. वडील म्हणाले, ‘‘हात पट्ट्याकडे गेला होता. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.’’ दोन दिवस मुलगा घरात राहिला, आणि नेमका त्याच दोन दिवसांत त्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा पूर आला. मुलगा दाराशी बसून रडला; वडिलांनी त्याला नेले नाही, आणि रडू नकोस असेही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले होते, तरी दोघे पुलावर जाऊन आले.

हे चालले असता मुलगा आमच्या पिशवीतील पुस्तके काढून चित्रे पाहत होता, आणि परत ठेवा म्हटल्यावर त्याने ती ठेवली नाहीत. आईने दुसऱ्यांदा सांगितले नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने उरलेली दोन पाने पाहून घेतली आणि पुस्तके ठेवून दिली. बाहेर भात पिवळे पडले होते, ओहोळाला घोटाभर पाणी उरले होते. पुढच्या पावसाळ्यात पप्पा पुलावर नेणार आहेत, असे त्याने आम्हांस आपण होऊन सांगितले. किती वाजता, तेही ठरले आहे म्हणाला.